अर्थिंग बघितलीस का?

आमच्या बालाघाटच्या घरी मे महिन्यात एक नेमाचं काम असायचं. संध्याकाळी तुळशीला पाणी घालून झालं की बाबा उरलेली अर्धी बादली घेऊन घरामागे जायचे. तिथे भिंतीलगत एक छोटा चौकोनी सिमेंटचा कट्टा होता आणि त्यातून लोखंडी नळीचं तोंड वर आलेलं होतं. त्या नळीत ते पाणी ओतायचे. लहानपणी मला वाटायचं, बाबांनी तिथे काहीतरी पेरलंय आणि ते कधी उगवत कसं नाही! एकदा विचारलंही. ते हसले आणि म्हणाले, "बेटा, हे उगवायचं झाड नाही. हे आपल्या घराचं मूळ आहे."

बाबा भरवेलीच्या मँगनीज खाणीत इलेक्ट्रिशियन होते. भरवेली आमच्या गावापासून अगदी जवळ. मँगनीजची ती खाण जमिनीत खूप खोल गेलेली आहे. जमिनीखाली, ओलसर बोगद्यात, लोखंडी यंत्रांबरोबर माणसं काम करतात तिथे विजेची एक चूक म्हणजे एक माणूस. त्यामुळे अर्थिंग मोजायचं, वहीत लिहायचं, सही करायची हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. निवृत्त झाल्यावरही ते कुणाच्या घरी जेवायला गेले की आधी मीटरच्या बोर्डाकडे बघायचे. आईला याची लाज वाटायची.

मी त्यांची मुलगी. जबलपूरला इंजिनिअरिंग केलं, नागपूरला नोकरीला लागले. कंपन्यांच्या सर्व्हर रूम उभ्या करून देणं हे माझं काम. मोठ्या शहरात, मोठ्या इमारतीत. तिथे वीज, जनरेटर, एसी, आग विझवण्याची सोय यांना वेगवेगळी माणसं असतात. मी जायची तेव्हा खोली तयार असायची. मी फक्त रॅकमध्ये सर्व्हर चढवायचा, केबल लावायच्या, चालू करायचं. त्यामुळे माझी समजूत झाली होती की सर्व्हर बसवणं म्हणजे एवढंच. ही समजूत किती महागात पडली ते सांगण्यासाठी हा लेख. आपल्या मंडळातली तरुण मुलं-मुली निम्मी तरी या ना त्या तऱ्हेने संगणकाच्या कामात आहेत. त्यांनी जरूर वाचावा.

२०१६ च्या मे महिन्यात मी सुट्टीवर घरी आले होते. गावातल्या एका छोट्या खासगी दवाखान्याला कागदांच्या ढिगातून सुटायचं होतं. पेशंटची नोंद, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, बिलं सगळं एका जागी हवं होतं. डॉक्टर बाबांच्या ओळखीचे. "तुमची मुलगी याच लाइनमध्ये आहे ना?" एवढं ते म्हणाले आणि बाबांची मान ताठ झाली. मीही हौसेने होकार दिला. पैसे घेणार नव्हते, पण गावात आपलं नाव होईल ही हाव होतीच.

खोली मिळाली जिन्याजवळची, आठ बाय दहा फुटांची. पश्चिमेला एक खिडकी. बाहेर मे महिन्यात पारा ४३-४४ पर्यंत जातो हे कुणी सांगायला नको. मी पहिला हिशेब केला तो उष्णतेचा. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सगळी उष्णता बनून खोलीत येते. सर्व्हर, नेटवर्क स्विच, यूपीएसची स्वतःची खाल्लेली वीज, सगळं मिळून सहाशे वॉट. एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर फेकतो. खिडकी, छत, उघडझाप होणारं दार धरूनही एक टन पुरेसा होता; मी दीड टनाचा लावला. या क्षेत्रात अमेरिकेतल्या ॲश्रे या संस्थेची शिफारस सगळे मानतात: सर्व्हरच्या तोंडाशी जी हवा आत जाते ती १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी. आम्ही २४ वर ठेवली. खिडकीला आतून प्लायवूड मारलं. मला वाटलं, झालं.

पहिला धडा चौथ्याच दिवशी मिळाला. दुपारी वीज गेली, पाच मिनिटांत आली. सर्व्हर यूपीएसवर होता, त्याला पत्ताही लागला नाही. एसी मात्र यूपीएसवर नव्हता. तो बंद पडला आणि वीज आल्यावर आपोआप सुरू झालाच नाही. त्याला रिमोटची वाट होती आणि रिमोट डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये. पाऊण तासाने मी सहज डोकावले तर खोली ३६ अंशांवर. हिशेब केला तर त्यात नवल काही नव्हतं. एवढ्या खोलीतली हवा जेमतेम पंचवीस-सत्तावीस किलो. सहाशे वॉटची शेगडी त्यात पेटलेली आहे असं समजा. भिंतींनी उष्णता शोषली नसती तर मिनिटाला एक अंशाहून जास्त वाढ झाली असती. म्हणजे यूपीएस चांगला असणं हाच धोका होता: थंड करणारा झोपलेला, तापणारा जागा. मी वीज आल्यावर आपोआप सुरू होणारा एसी बदलून घेतला आणि खोली तापली की फोनवर संदेश पाठवणारा छोटा सेन्सर बसवला.

रात्री जेवताना हे मी मोठ्या फुशारकीने सांगितलं. बाबांनी वरणभात कालवता कालवता विचारलं, "अर्थिंग बघितलीस का?"

"हो, बघितली," मी म्हणाले.

मी बघितलं होतं ते एवढंच: भिंतीवरच्या सॉकेटला तीन छिद्रं होती. वरच्या मोठ्या छिद्रामागे हिरवी वायर होती. ती पुढे कुठे जाते हे मी पाहिलं नव्हतं. नागपूरला ते पाहणं माझं काम नव्हतं, आणि बाबांचा प्रश्न मला जुन्या माणसाचा प्रश्न वाटला.

आणखी एक गोष्ट लपवत नाही. दोन दिवसांनी रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, "त्या कपाटाला हात लावला की झिणझिण्या येतात." मी हसून म्हणाले, "पायात चप्पल घालत जा." आज हे लिहितानाही लाज वाटते. सर्व्हरच्या आत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि ते धातूच्या पेटीला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर तिथून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर ती पेटीच शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा, म्हणून माणूस दगावत नाही, नुसत्या झिणझिण्या येतात. पण त्या झिणझिण्या म्हणजे यंत्राने मारलेली हाक असते. ताईंनी ती ऐकली, मी ऐकली नाही.

सुट्टी संपली, मी नागपूरला परतले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस आला. आमच्याकडचा पहिला पाऊस तुम्हाला माहीत आहे: वैनगंगेच्या पलीकडून काळं भरून येतं, आधी धूळ, मग विजा, आणि मग पाणी. त्या रात्री दवाखान्याजवळच कुठेतरी वीज पडली. सकाळी सात वाजता डॉक्टरांचा फोन आला. खोलीत जळल्याचा वास होता. सर्व्हर मेला होता, नेटवर्क स्विच मेला होता, यूपीएस नुसता शिट्टी मारत होता.

मी म्हणाले, "काळजी करू नका, दोन डिस्क आहेत, एकीची दुसरीवर नक्कल असते. शिवाय बॅकअपची वेगळी डिस्क आहे." मी दुपारच्या गाडीने आले. दोन्ही डिस्क गेल्या होत्या. बॅकअपची डिस्क त्याच सर्व्हरला, त्याच यूपीएसवर, त्याच कपाटात जोडलेली होती. तीही गेली होती. माझ्या लॅपटॉपवर एक नक्कल होती, ती निघताना सहज घेतलेली, एकोणीस दिवसांपूर्वीची.

एकोणीस दिवस ऐकायला थोडे वाटतात. पण बैहर आणि लांजीकडच्या खेड्यांतून बसने आलेल्या बायांचे गरोदरपणातले रक्ताचे रिपोर्ट त्यात होते. मी त्या दिवशी काउंटरपाशी उभी असताना एक बाई आली, सोबत सासू. मागच्या आठवड्यात रक्त दिलं होतं, हिमोग्लोबिन किती ते आज कळणार होतं. तिला सांगावं लागलं की पुन्हा रक्त द्यावं लागेल. ती काही बोलली नाही, बाही वर सरकवली. सासू मात्र म्हणाली, "आधी वहीत लिहायचे तेव्हा असं नव्हतं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरही मला एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

घरी आले आणि बाबांना खरं सांगितलं, की मी अर्थिंग बघितलीच नव्हती. मला वाटलं रागावतील. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ."

सकाळी ते शंभर वॉटचा जुना दिवा आणि होल्डर घेऊन आले. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लावला: लख्ख. फेज आणि अर्थमध्ये लावला: अंधार. मग ते हिरव्या वायरीचा माग काढत जिन्याखालून मोरीपर्यंत गेले. वायर एका पाण्याच्या नळाला बांधलेली होती. पूर्वी बऱ्याच घरांत असं करायचे; लोखंडी नळ जमिनीत लांबवर गेलेला असायचा, काम भागायचं. पण मधल्या काळात प्लंबरने गंजलेला नळ कापून प्लास्टिकचा पाइप घातला होता. वर दोन फूट लोखंड, खाली प्लास्टिक. हिरवी वायर तिथे नुसती लटकत होती. प्लंबरची चूक नाही, त्याला पाण्याचं काम होतं. तिथून जाणारी वीज बघायचं काम माझं होतं.

वीज पडली की तिला जमिनीत जायची घाई असते. विजेच्या तारेतून आलेला तो लोंढा वळवण्यासाठी यूपीएसमध्ये काही भाग असतात, पण ते वळवणार कुठे? जमिनीची वाट बंद होती. म्हणून तो सर्व्हरमधून शिरला आणि नेटवर्कच्या केबलमधून बाहेर पडला. वाटेत जे आलं ते जळालं.

पुढचे चार दिवस मी आणि बाबा आणि दोन मजूर दवाखान्यामागे खड्डे खणत होतो. पहार, फावडं, मुरूम. माणसाच्या उंचीहून खोल खड्डा, त्यात ६०० बाय ६०० मिलिमीटरची, सव्वातीन मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीची तांब्याची पत्री उभी ठेवायची, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायची नळी. तांब्याची पट्टी थेट सर्व्हरच्या खोलीपर्यंत. पत्री हातात घेऊन बाबा म्हणाले, "मलाजखंडचं तांबं असेल कदाचित. आपल्याच जिल्ह्यातून निघालं आणि जगभर फिरून इथे परत आलं." मलाजखंडला देशातली तांब्याची सगळ्यात मोठी खाण आहे आणि ती आपल्या बालाघाट जिल्ह्यात आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असतं का? मला ठाऊक होतं, पण त्याचा माझ्या कामाशी संबंध आहे असं कधी वाटलं नव्हतं.

मोजण्यासाठी बाबांनी जुन्या सोबत्याकडून अर्थ टेस्टर आणला. दोन लोखंडी खुंट्या ठराविक अंतरावर जमिनीत ठोकायच्या आणि जमीन किती अडवते ते ओहममध्ये वाचायचं. आकडा जितका कमी तितकी वाट मोकळी. पहिल्या खड्ड्यावर ३.८ आला. घराला तेवढा चालतो. सर्व्हर बनवणारे बहुतेक १ च्या आत मागतात. दुसरा खड्डा काढून जोडला: २.१. तिसरा काढला: १.४. मी म्हणाले, चौथा काढू. बाबा म्हणाले, "आकड्यामागे धावू नकोस. आता सगळं एका जागी बांध." तेच खरं होतं. सर्व्हर, स्विच, यूपीएस, रॅक, खिडकीची जाळीसुद्धा एकाच तांब्याच्या पट्टीला जोडली. सगळे एकत्र वर गेले, एकत्र खाली आले, तर त्यांच्यात भांडण होत नाही. प्रत्येकाला वेगळी जमीन दिली की फरक पडतो आणि त्या फरकातून वीज धावते.

मग बाकीची कामं केली. मेन बोर्डात लाट अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवला. सर्व्हरला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी दिला. आधी तो आणि एक्स-रेचं मशीन एकाच वायरीवर होते आणि दर एक्स-रेला दिवे डोळे मिचकवायचे. इमारतींमधली तांब्याची नेटवर्क केबल काढून फायबर टाकली. काच वीज वाहून नेत नाही. यूपीएस नेहमी इन्व्हर्टरमार्गे चालणारा, ऑनलाइन प्रकारचा घेतला. त्याच्यावर २ केव्हीए लिहिलेलं असलं तरी त्यातून खरे वॉट सोळाशेच मिळतात, हे बघून घेतलं. बॅटऱ्याही थंड खोलीतच ठेवल्या, कारण २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना त्यांचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. एसीचं पाणी टपकणारी नळी रॅकच्या डोक्यावरून जात होती, ती हलवली. राइस मिलकडून येणारा कोंडा पंख्यांत अडकू नये म्हणून दाराला पट्टी लावली आणि महिन्याला जाळी झाडायची तारीख कॅलेंडरवर लिहिली. उंदरासाठी केबलची भोकं बुजवली. पावसाळ्यात दार उघडं राहिलं की थंड धातूवर दव धरतं, म्हणून दाराला आपोआप बंद होणारा स्प्रिंग लावला. बॅकअपची एक नक्कल दुसऱ्या इमारतीत आणि एक रोज रात्री गावाबाहेर जाऊ लागली.

शेवटी बाबांनी मेन स्विचवर हात ठेवला आणि म्हणाले, "पाडू?" माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी मेन पाडला. यूपीएस बोलला, जनरेटर उठला, एसी आपला आपण सुरू झाला. तीनदा पाडून बघितला. आता मी नागपूरलाही हेच करते. ज्या खोलीचा मेन मी स्वतः पाडून बघितला नाही तिच्यावर सही करत नाही.

एकोणीस दिवसांच्या नोंदी आम्ही बिलांच्या कार्बन कॉपीवरून पुन्हा भरल्या. मी, ताई आणि एक कंपाउंडर. सगळ्या नाही मिळाल्या.

नंतर कळलं की हे फक्त लहान गावात होतं असंही नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये बेल्जियममधल्या गुगलच्या डेटा सेंटरला वीज पुरवणाऱ्या जाळ्यावर लागोपाठ चार वेळा वीज पडली आणि तिथल्या अगदी थोड्या का होईना, पण काही नोंदी कायमच्या गेल्या. आणि हा विषय आजचाही नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा आपल्या देशात बनलेला संगणक चालू झाला. तो निर्वात नळ्यांवर चालायचा आणि त्या नळ्या दिव्यासारख्या तापायच्या. तेव्हाही हिशेबाच्या आधी प्रश्न हाच होता की ही उष्णता बाहेर कशी काढायची. आपण "क्लाउड" म्हणतो तेव्हा वर बघतो, पण प्रत्येक क्लाउड शेवटी कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी जमिनीला जोडलेला असतो.

बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत. दर एप्रिल-मेमध्ये दवाखान्यातला कंपाउंडर त्या तीन नळ्यांत बादलीभर पाणी ओततो आणि बाबांना फोटो पाठवतो. बाबा चष्मा लावून बघतात आणि विचारतात, "तिसरी भरली का?"

तुमच्यापैकी बरेच जण पुण्याला, बेंगळुरूला, परदेशात आहात. दिवाळीला घरी याल तेव्हा एक करा. आईबाबांच्या घरातली हिरवी वायर कुठे जाते ते विचारा. इन्व्हर्टर, राउटर, फ्रिज, गीझर सगळं तिच्या भरवशावर आहे, आणि जुन्या घरांत नळ बदलले गेले आहेत. स्वतः बोर्ड उघडू नका. गावातल्या चांगल्या वायरमनला बोलवा, त्याच्यासमोर उभे राहा आणि आकडा वहीत लिहून घ्या. आणि घरातलं कुणी म्हणालं की फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, तर चप्पल घाला असं म्हणू नका.